आधी स्वभाव, मग आठवण

पैठणच्या जुन्या गावात राहणारी सत्तरीची एक आजी समजा. एके दिवशी ती म्हणते, "माझ्या पाटल्या सुनेनं उचलल्या." घर पालथे घातले जाते. पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडतात. आजीचे उत्तर तयार असते: पकडली जाईल म्हणून तिनंच आणून ठेवल्या. सून रडते, मुलगा चिडतो. एक शेजारीण म्हणते, म्हातारपणी असं व्हायचंच. दुसरी हळूच सुचवते, कुणी काही केलंय का ते बघून घ्या. आजी आधीपासूनच संशयी होती की हे नवीन आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि डॉक्टरला सगळ्यात आधी हवे असते ते याच प्रश्नाचे उत्तर.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आगुस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. घरच्यांच्या नजरेत आधी भरला तो तिचा नवऱ्यावरचा संशय. विसर त्यामागून आला. १९०६ मध्ये ती वारली. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉक्टरांच्या सभेत निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमरांचे नाव दिले. म्हणजे ज्या बाईमुळे हा आजार ओळखला गेला, तिच्या आजाराची सुरुवात संशयानेच झाली होती. तरी आपण स्मृतिभ्रंश म्हणजे विसरणे एवढेच धरून बसलो.

स्वभाव आधी का बदलतो? मेंदूच्या देठात 'लोकस सेरुलियस' नावाचा इवलासा निळसर पुंजका असतो. जाग, सावधपणा आणि धास्ती यांची रसद तो सगळ्या मेंदूला पुरवतो. अल्झायमरमध्ये पेशींत साचणारे 'टाऊ' हे प्रथिन सगळ्यात आधी जिथे दिसते, त्या जागांपैकी ही एक. मनःस्थिती सांभाळणारे सेरोटोनिनचे केंद्रही तिथून जवळच, आणि तेही लवकर सापडते. त्यामुळे आठवणींच्या भागाला मोठी इजा होण्याआधीच झोप मोडणे, उगाच काळजी, चिडचिड, खिन्नपणा सुरू होऊ शकतो. रक्तदाब आणि मधुमेह वर्षानुवर्षे अंगावर काढले असतील तर वाट वेगळी असते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पुढचा भाग आणि आतली केंद्रे यांना जोडणारे तंतू झिजतात आणि माणसाची उमेदच जाते.

आता पाटल्यांकडे बारकाईने बघू. इथे दोन बिघाड एकावर एक बसलेले असतात. पहिला, वस्तू कुठे ठेवली याची नोंदच मेंदूत झालेली नाही. पण एवढ्याने कुणी चोरीचा आळ घेत नाही. तुम्ही-आम्हीही चष्मा शोधत फिरतो आणि 'मीच कुठंतरी ठेवला असेल' म्हणतो. हे म्हणायला लावणारी पडताळणी मेंदूचा पुढचा भाग करतो. ती ढिली पडली, हा दुसरा बिघाड. मग रिकाम्या जागेत जे पहिले कारण सुचेल ते खरे वाटते, आणि डोळ्यांसमोर दिवसभर कोण असते? सून. म्हणून जी सगळ्यात जास्त करते, तिच्याच वाट्याला आळ येतो. यात अन्याय आहे, पण डाव नाही.

वाद घालून हे का सुटत नाही, तेही यातून कळते. पुरावा तोलणारी यंत्रणाच अधू झाली आहे. तिच्यापुढे पुरावे ठेवून काय होणार? "अगंबाई, चला, दोघी मिळून शोधू" हे जास्त उपयोगी. सापडल्यावर "बघा, इथंच होत्या ना" असे ऐकवू नये. बटवा हरवत असेल तर तसाच दुसरा आणून ठेवावा, लपवायच्या नेहमीच्या जागा घरातल्या सगळ्यांना माहीत असाव्यात, संध्याकाळी दिवे लवकर लावावेत. खरे दागिने बँकेत.

कधी तक्रार निराळी असते: अंगणात पोरं खेळताहेत, कोपऱ्यात कुणी बसलंय. मोतीबिंदूने नजर गेली असेल तर धडधाकट डोक्यालाही असे दिसू शकते, म्हणून आधी डोळे तपासा. पण सोबत हालचाल मंदावली असेल, झोपेत हातपाय झाडण्याची, ओरडण्याची जुनी सवय असेल, शुद्धीत दिवसागणिक चढउतार असेल, तर 'लुई बॉडी' प्रकारचा स्मृतिभ्रंश असू शकतो. हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण भास थांबवायला सर्रास दिले जाणारे हॅलोपेरिडॉल अशा रुग्णाला भयंकर बाधू शकते.

सगळ्यात जास्त निसटते ते लक्षण मात्र गुपचूप येते. रोज संध्याकाळी हरिपाठाला नाथमंदिरात जाणारे आजोबा जायचे बंद होतात. विचारले तर म्हणतात, "काही नाही, असंच." रडू नाही, तक्रार नाही, जेवण ठीक. घरच्यांना वाटते, बरे झाले, शांत झाले. ही उदासीनता नैराश्यापेक्षा वेगळी. नैराश्यात माणूस दुःखी असतो, स्वतःला दोष देतो, भूक-झोप उडते, 'मी ओझं झालोय' म्हणतो. आणि काही विचारले की प्रयत्नही न करता 'माहीत नाही' म्हणून मोकळा होतो. त्यामुळे नैराश्यच कधी स्मृतिभ्रंशासारखे दिसते, आणि उपचाराने डोकेही पुन्हा चालू लागते. मात्र उतारवयात पहिल्यांदाच आलेले नैराश्य ही स्मृतिभ्रंशाची पहिली पायरीही असू शकते. म्हणून बरे वाटल्यावरही अधूनमधून दाखवत राहायचे.

२०१६ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने या बदलांना चौकट दिली. पन्नाशीनंतर प्रथमच दिसलेला आणि किमान सहा महिने टिकलेला बदल त्यांनी पाच गटांत घातला: उमेद जाणे, मन ढळणे, ताबा सुटणे, लाजभीड सुटणे, आणि संशय किंवा भास. असा बदल झालेल्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतोच असे नाही. जोखीम वाढते, एवढाच त्याचा अर्थ.

सहा महिन्यांची ही अट एका बाबतीत पाळायची नाही. परवापर्यंत ठीक असलेली आजी आज असंबद्ध बोलते, दिवसा गुंगीत असते, रात्री उठून पळते, तर तो वातभ्रम, म्हणजे डेलिरियम. मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम उतरणे, पाणी कमी पडणे ही नेहमीची कारणे. नाथषष्ठीला घर पाहुण्यांनी भरते, जागरणे होतात, फाल्गुनातले ऊन चढू लागते, आणि घरातल्या म्हातारीने दिवसभरात पाणी किती प्यायले हे कुणाच्या लक्षात राहात नाही. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी न्हाणीत पडल्याचे आठवत असेल तर तेही सांगा. अशा पडण्यानंतर कवटीत रक्त हळूहळू साठू शकते. वातभ्रमात त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हळूहळू झालेल्या बदलातही आधी दुरुस्त होण्यासारखे काय आहे ते बघतात. माळकरी, म्हणजे शाकाहारी घरात बी-१२ ची तपासणी तर हवीच. थायरॉइड, सोडियम, साखर, कानांची तपासणी. आणि औषधे. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन, झोपेची अल्प्राझोलाम, कंपवातासाठी वर्षानुवर्षे चालू असलेली ट्रायहेक्सिफेनिडिल या तिन्हींनी म्हातारा मेंदू गढूळ होतो. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. पण स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

स्मृतीच्या तपासणीतही एक गोम आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला आजची तारीख विचारून काय कळणार? हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात निरक्षर वृद्धांसाठी मुद्दाम चाचणी तयार केली गेली, ती यासाठीच. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे हा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज ज्या पाहणीतून आला, तिच्यातही ती वापरली होती. एकादशी कधी झाली, नाथषष्ठी कोणत्या महिन्यात, हे आयुष्यभर तोंडपाठ असलेली आजी आता अडखळते का, एवढे घरच्यांनी डॉक्टरांच्या कानावर घातले तरी चाचणीला मोठा आधार होतो.

पैठणहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ५० किलोमीटर. तिथल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाण्याआधी बोलायचे असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येते. जाताना वहीत लिहून न्या: काय बदलले, कोणत्या सणाच्या सुमारास पहिल्यांदा जाणवले, वाढत गेले की चढउतार आहे, त्याआधी स्वभाव कसा होता. आणि जी व्यक्ती दिवसभर सोबत असते तिला बरोबर न्या, गावाहून फोन करणारा मुलगा पुरेसा नाही.

भास-संशयावरच्या गोळ्यांबद्दल एक सांगायलाच हवे. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. तरी रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करू लागला तर त्या लागतात, थोड्या डोसमध्ये आणि थोडे दिवस. गोळी सुरू होईल त्याच दिवशी विचारून घ्या, ही कमी कधी करून बघायची. गुण आला असेल तर साधारण चार महिन्यांच्या आत तसा प्रयत्न करतात.