रस्ते विकास योजनेतील फेरबदल आणि गावाचा रस्ता

ग्रामीण जीवनात बारमाही रस्त्याचे स्थान अनन्यसाधारण आहे. शेतमाल बाजारपेठेत नेणे असो, मुलांचे माध्यमिक शिक्षण असो वा पावसाळ्यात आजारी माणसास दवाखान्यात पोहोचविणे असो, या साऱ्यांचा आधार रस्ताच होय. तथापि रस्ता हवा, एवढी मागणी केल्याने निधी मिळत नाही. तो मान्य योजनेत समाविष्ट असावा लागतो. म्हणूनच योजनेचे निकष व त्यांतील फेरबदल पंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपीठिका

रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी असावा, हा विचार जुना आहे. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभारण्यात आला. १९४३ मध्ये नागपूर येथे झालेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशाची पहिली दीर्घ मुदतीची योजना आखली. तीत रस्त्यांची राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते अशी वर्गवारी झाली. दर १०० चौरस किलोमीटर क्षेत्रामागे सुमारे १६ किलोमीटर रस्ते, हे तिचे उद्दिष्ट होते. १९६१-८१ च्या योजनेने ते दुप्पट केले. महाराष्ट्रातही १९८१-२००१ व २००१-२०२१ अशा वीस वर्षांच्या योजना आखण्यात आल्या.

वर्गवारीचे महत्त्व

राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदांकडे असतात. ग्रामीण रस्त्याची प्रमुख जिल्हा मार्ग म्हणून दर्जोन्नती झाली, की त्याची जबाबदारीही खात्याकडे जाते. त्यामुळे दर्जोन्नतीची मागणी सर्वत्र होत असते. परंतु दर्जा वाढला तरी निधी आपोआप वाढत नाही. लांबी वाढली आणि तरतूद तेवढीच राहिली, तर प्रत्येक किलोमीटरच्या वाट्याला येणारी रक्कम कमीच होते. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमी योजनेतून मातीकाम झालेल्या अनेक रस्त्यांना खडीकरण व मोऱ्यांसाठी दीर्घकाळ थांबावे लागले, हा अनुभव बोलका आहे.

निकषांतील बदल

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट भागातील ५०० व त्याहून अधिक आणि डोंगरी व आदिवासी भागातील २५० व त्याहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्या जोडण्याचे ठरविले. प्रारंभी तिचा खर्च केंद्र शासन करीत असे. २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचा वाटा ६० व राज्याचा ४० टक्के झाला. २०१९ च्या तिसऱ्या टप्प्यात बाजार, उच्च माध्यमिक शाळा व रुग्णालये यांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या सुधारणेवर भर देण्यात आला. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला चौथा टप्पा पुन्हा न जोडलेल्या वस्त्यांकडे वळला आहे. २०२४-२५ ते २०२८-२९ या काळात ७०,१२५ कोटी रुपये खर्चून ६२,५०० किलोमीटर रस्ते बांधावयाचे व २५,००० वस्त्या जोडावयाच्या, असे त्याचे स्वरूप आहे. यासाठी २०११ ची जनगणना आधारभूत आहे.

येथेच दक्षतेची गरज आहे. प्रत्येकी २०० लोकवस्तीच्या तीन वाड्या वेगवेगळ्या मोजल्या, तर सपाट भागात त्यांपैकी एकही पात्र ठरत नाही. योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनी मात्र ५०० मीटरच्या परिसरातील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्यास मुभा दिली होती. म्हणजे नोंद कशी होते, यावर ६०० माणसांचा रस्ता अवलंबून राहतो.

पंचायतींचे कर्तव्य

पंचायतींनी प्रथम आपल्या सर्व वाड्या, तांडे व पाडे यांची नोंद तालुक्याच्या आराखड्यात आहे किंवा नाही, हे पाहावे. या योजनेत भूसंपादनासाठी रक्कम मिळत नाही. म्हणून जागेचा प्रश्न ग्रामसभेत आधीच, जमीनधारकांच्या खुषीने सोडवावा. अन्यथा मंजूर काम जागेअभावी अडून राहते. रस्ता पूर्ण झाल्यावर पहिली पाच वर्षे देखभाल करणे ठेकेदारावर बंधनकारक असते व तिचा खर्च राज्य शासन देते. ही मुदत फलकावर पाहून, खड्डे पडताच लेखी कळवावे. मुदत संपल्यावर त्याच दुरुस्तीसाठी नव्या तरतुदीची वाट पाहावी लागते.

योजना शासन आखते, निधी केंद्र व राज्य देतात. परंतु आपल्या वस्तीची अचूक माहिती गावाइतकी अन्य कोणासही नसते. ती वेळेवर आराखड्यात पोहोचली, तरच शेवटच्या वाडीपर्यंत बारमाही रस्ता जाईल.