ओल, कोटिंग आणि आपला श्वास

नांदेड-लातूरच्या वस्त्यांत पावसाळ्यात स्लॅब गळतो, भिंतींना बुरशी येते, लेकरांचा दमा बळावतो. म्हणून घराला वॉटरप्रूफ कोटिंग किंवा इपॉक्सीची फरशी करावी का, असे आम्हाला विचारतात.

फायदा आहेच. शहाबादी फरशीच्या सांध्यांत पाणी मुरते. इपॉक्सीला सांधेच नसतात, पुसायलाही सोपी. गच्चीवर ॲक्रिलिक किंवा पीयूचा थर नीट बसला तर गळती थांबते.

पण ओल्या जागेवर थर फुगून निघतो. जमिनीतून चढणारी ओल आतून रंग मारून जात नाही. नवे काँक्रीट निदान 28 दिवस होऊ द्यावे. इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते, म्हणून गच्चीला नको. ओली झाली की घसरते. न्हाणीत खरबरीतच करून घ्या. त्याआधी गच्चीचा उतार आणि फुटका पाइप दुरुस्त करा. निम्मा खर्च तिथेच वाचू शकतो.

काम चालू असताना लेकरे, गरोदर बाया आणि दमेकऱ्यांना दुसरीकडे ठेवा. पूर्ण वाळून कडक झाल्यावर धोका फारसा उरत नाही, कच्च्या मालात तो असतो. इपॉक्सीने कातडीला ॲलर्जी झाली तर ती सहसा जन्मभर राहते. पीयूतील आयसोसायनेटने दमा जडतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. हात थिनरने नव्हे, साबणाने धुवा.

हे काम करणारी पोरे आपल्याच वस्तीतली असतात. बाबासाहेबांनी 1942 ते 1946 देशाचे मजूर खाते सांभाळले. ठेकेदाराकडे हातमोजे आणि योग्य मास्क मागायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.