बिनतारी गिटार

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक सूचनापत्र लिहिले होते. त्यातले ‘बिनतारी गिटार’ हे शब्द वाचून एका सहकाऱ्याने विचारले, “तारा नाहीत, तर ती वाजणार कशी?” प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त होता. ‘बिनतारी संदेश’ आपल्याकडे केव्हाच रुळला; पण तिथे तार एकाच अर्थाची. गिटारला मात्र वाजवायच्या तारा वेगळ्या आणि आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत नेणारी तार वेगळी. म्हणून या लेखात पहिलीला तार आणि दुसरीला केबल म्हणतो.

सूचनापत्र लिहिण्याचे कारण थट्टेचे नव्हते. आदल्या वर्षीच्या संमेलनात बेस गिटार वाजवत गाणारा आमचा एक विद्यार्थी माइकला ओठ लागताच कोसळला. कोणीतरी धावत जाऊन मुख्य बटण बंद केले म्हणून तो वाचला. नंतर पाहिले तेव्हा त्याच्या ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडलेली होती; उरलेल्या दोन पिनांवर काम भागवले होते. सांस्कृतिक समितीचा प्रमुख म्हणून मी पहिल्या रांगेत बसलो होतो. विषय मराठी साहित्याचा असला, तरी त्या रंगमंचाची जबाबदारी माझी होती. तेव्हापासून हे शास्त्र जमेल तसे शिकत आलो आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आतल्या एका वायरने केबलच्या बाहेरच्या वेष्टणाला जोडलेल्या असतात आणि ते वेष्टण ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला. नको असलेली गुणगुण कमी व्हावी म्हणून ही रचना असते. सांगाडा जमिनीशी नीट जोडलेला असेल तर धोका नसतो. अर्थिंग तुटले आणि आत दोष निर्माण झाला, तर सांगाड्यात, आणि म्हणून तारांतही, वीज उतरू शकते. समोरचा माइक दुसऱ्या यंत्रणेच्या अर्थिंगला जोडलेला असतो. एका हाताला तार, ओठांना माइक, आणि मधला पूल वादकाचे शरीर.

1972 च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’चे गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावले. 1976 च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडातील लेकलंड येथे ‘किस’ या बँडच्या एस फ्रेलींना धातूच्या कठड्याला हात लागताच जोराचा धक्का बसला. ते वाचले, आणि त्यानंतर तो बँड केन शेफर यांनी तयार केलेल्या बिनतारी यंत्रणेकडे वळला. मोकळेपणाने नाचता यावे, ही हौस या यंत्रणेमागे होतीच. पण जिवाची भीतीही होती.

यंत्रणेचे दोन भाग असतात. गिटारला किंवा पट्ट्याला लावलेला छोटा प्रक्षेपक बॅटरीवर चालतो आणि तारांची कंपने रेडिओलहरींवरून पाठवतो. ॲम्प्लिफायरजवळचा ग्राहक त्या पकडून पुन्हा विद्युतसंकेत करतो. गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यात धातूची जोडणी उरत नाही; त्यामुळे त्या वाटेने वादकापर्यंत वीज येऊ शकत नाही.

मात्र केबल गेली की आवाजही थोडा बदलतो. लांब केबल वरच्या पट्टीतला लखलखाट किंचित खाते. ती नसली की गिटार अधिक उजळ वाजते आणि जुन्या वादकांना ते खटकते. म्हणून काही संचांत केबलसारखा आवाज देणारे बटण असते. डिजिटल संचांत संकेताला काही मिलिसेकंदांचा उशीर होतो. ध्वनी हवेत एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे 3 मिलिसेकंदांचा उशीर हा ॲम्प्लिफायरपासून एक मीटर मागे सरकण्याएवढाच. बेसवाल्यांनी मात्र वेगळी चौकशी करावी. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झवर कंप पावते. तिथपर्यंत न पोचणाऱ्या स्वस्त संचावर बेसचा पाया पोकळ लागतो.

खरी अडचण रंगीत तालमीत दिसतच नाही. 2.4 गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या संचांना त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथ यांची गर्दी सोसावी लागते. शिवाय माणसाच्या शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते. दुपारी रिकाम्या सभागृहात निर्दोष चाललेला संच रात्री पाचशे माणसे आणि पाचशे मोबाइल आल्यावर अडखळतो. ग्राहक सभागृहाच्या मागच्या टोकाला, ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाखाली ठेवला असेल तर विचारूच नका. तो वादकाच्या जवळ, डोक्याच्या उंचीवर आणि समोर दिसेल असा ठेवावा. ॲनालॉग संचात संकेत तुटू लागला की खरखर ऐकू येते. डिजिटल संच बहुधा एकदम गप्प होतो. म्हणून ताजी बॅटरी आणि जवळ तयार ठेवलेली केबल हवीच.

आमच्या गोव्यात आणखी एक गोष्ट घडते. बोटीवर किंवा आखातात असलेला नातेवाईक हौसेने परदेशातून संच आणतो. यूएचएफ पट्ट्यातील परवानगी देशागणिक वेगळी असते आणि काळाप्रमाणे बदलते. अमेरिकेत 600 मेगाहर्ट्झचा बराच भाग मोबाइल कंपन्यांकडे गेल्याने 2020 च्या जुलैपासून तिथे बिनतारी माइकना तो वापरता येत नाही. तेव्हा आणलेला संच कोणत्या वारंवारतेवर चालतो, हे आधी पाहावे.

इतके सांगून मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या विद्यार्थ्याच्या अपघातानंतर समितीत पहिली सूचना आली ती ‘बिनतारी संच घेऊन टाका’ ही. संच घेतला, त्याचा उपयोगही झाला. पण त्याच मांडवात कीबोर्ड होता, केबलचे माइक होते, लोखंडी कठडा होता. गिटारपुरता पूल तुटला, तरी मोडकी पिन तशीच राहिली असती तर पुढचा धक्का दुसऱ्या कोणाला बसला असता. बिनतारी यंत्रणा अर्थिंगची जागा घेत नाही.

सूचनापत्राच्या पहिल्या मसुद्यात मी ‘भूसंपर्कन’ असा शुद्ध शब्द लिहिला होता. मांडवातल्या वीजकामगाराने तो दोनदा वाचला आणि कागद खिशात घातला. अर्थ त्याला लागला नव्हता, आणि विचारायला तो संकोचला. दुसऱ्या मसुद्यात लिहिले : ‘अर्थिंग तपासल्याशिवाय एकही प्लग लावू नये. पिन मोडलेली असेल तर वाद्य वाजणार नाही.’ तो कागद आता दरवर्षी बोर्डाशेजारी चिकटवलेला असतो. ‘बिनतारी गिटार’ मात्र खोडून मी ‘बिनकेबलची गिटार’ केले. कानाला ते गोड नाही, पण कोणी पुन्हा अर्थ विचारला नाही.