मनीला उपास नको

महाड-पोलादपूरकडे पावसाळ्यात मनीचा मुक्काम चुलीपाशी. हालचाल नाही, वर अगोटीला भरलेल्या सुकट-बोंबलातला वाटा आणि प्रत्येकाच्या ताटातला घास. नसबंदी झालेल्या मांजराला तर मुळातच कमी खाणं पुरतं.

बरगड्यांवरून बोटं फिरवा. दाबल्याशिवाय लागत नसतील, तर चरबी चढली आहे. डिजिटल काट्यावर आधी तिला उचलून उभं राहा, मग एकट्याने. वजाबाकी म्हणजे तिचं वजन.

खाणं एकदम तोडू नका. सोमवार-शनिवार माणसांनी करावेत! लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तरी अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि जिवावर बेततं. आठवड्याला वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास, फार तर २ टक्के घट पुरे. म्हणजे ६ किलोच्या बोक्याचे ६० ते १२० ग्रॅम.

दूध-भात कमी करा; मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचतही नाही. सुकटीत मीठ फार. त्याऐवजी बिनमिठाची शिजवलेली कोंबडी द्या, तीही मोजून. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि आजी गुपचूप काय घालते, तेही डॉक्टरांना सांगा.