सासरी कौतुक, माहेरी साभार पोच

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर एका रद्दीच्या दुकानात मी महिन्यातून एकदा जातो. जायचं निमित्त पेपरच्या गठ्ठ्याचं, रमायचं मात्र पुस्तकांच्या ढिगात. गेल्या खेपेला शेठ एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाचं चकचकीत जॅकेट सोलत बसले होते. ‘चांगलं आहे की, काढता कशाला?’ मी विचारलं. ‘काका, ह्याला प्लास्टिक लावलेला असतो. लगद्यात चालत नाय. पयला हाच काढायचा.’ त्या जॅकेटच्या पाठीवर चार प्राध्यापकांनी पुस्तकाची तोंड भरून स्तुती केली होती. ती गोणीत गेली. उरलेलं पुस्तक मी ऐंशी रुपयांना उचललं. विषय महाराष्ट्राचा इतिहास, प्रकाशक परदेशातलं एक विद्यापीठ.

मलपृष्ठावरच्या अशा स्तुतीला आपल्याकडे ‘पाठराखण’ म्हणतात. इंग्रजीतला ‘ब्लर्ब’ हा शब्द जिलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने १९०७ मध्ये थट्टेने घडवला. मराठी शब्द मला अधिक नेमका वाटतो. नवी नवरी सासरी निघाली की पाठराखीण सोबत जाते, चार दिवस राहते आणि परत येते. नांदायचं नवरीलाच असतं.

विद्यापीठांच्या प्रकाशनांची पाठराखण मात्र इतरांपेक्षा थोडी वेगळी असते, कारण तिच्याआधी एक चाळणी झालेली असते. हस्तलिखित आलं की संपादक ते त्या विषयातल्या सहसा दोन जाणकारांकडे पाठवतो. त्यांची नावं लेखकाला कळत नाहीत. कोणती दप्तरं पाहायची राहिली, कोणतं प्रकरण लंगडं आहे, कुठे पुराव्यापेक्षा दावा मोठा झालाय, हे ते पानंच्या पानं लिहून कळवतात. लेखकाला त्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं. मग प्राध्यापकांचं एक मंडळ होकार देतं आणि पुस्तक छापायला जातं. या अहवालातलंच एखादं बरं वाक्य, परवानगी घेऊन, पुढे मलपृष्ठावर येतं. म्हणजे आपण वाचतो ती दोन ओळींची स्तुती. तिच्यामागची कानउघाडणी छापली जात नाही.

दुसरा टप्पा परीक्षणांचा. वृत्तपत्रांतली परीक्षणं काही आठवड्यांत येतात. संशोधन नियतकालिकांतली यायला एक ते तीन वर्षं लागतात. पुरस्कार त्याच्याही नंतर. तोवर जॅकेट छापून जुनं झालेलं असतं. जी दाद खरी जोखून दिलेली असते, तीच पहिल्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर नसते.

याचं अलीकडचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०२२ मध्ये काढलं. विषय तमाशातल्या दलित स्त्रियांचा. पवळाबाई आणि पठ्ठे बापूराव यांच्यापासून मंगला बनसोडे यांच्यापर्यंतचा प्रवास त्यात आहे. ‘अश्लील’, ‘अस्सल’ आणि ‘माणुसकी’ हे शब्द कोणी, कोणासाठी, कसे वापरले, याचा तो शोध आहे. २०२३ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने दक्षिण आशियाच्या इतिहासासाठी असलेलं जॉन रिचर्ड्स पारितोषिक त्याला दिलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाईक यांना आठ लाख डॉलरची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि आपल्याकडे एकच धावपळ उडाली. त्या दिवसांतली माझ्याकडची कात्रणं काढून पाहिली. कोपरगाव तालुक्यातलं पोहेगाव आहे, येरवड्यातलं बालपण आहे, सिनसिनाटी विद्यापीठातली प्राध्यापकी आहे, डॉलरचे रुपये करून दाखवलेले आहेत. पुस्तकात काय म्हटलंय, ते पटतं की नाही, याला जेमतेम दोन ओळी.

गंमत अशी, की परदेशातल्या वाचकाला तमाशाचा फड म्हणजे काय, इथपासून समजावून सांगावं लागतं. ज्याने फड पाहिलाय, ज्याच्या गावच्या जत्रेत अजून तंबू पडतो, तो वाचक इथे आहे. या पुस्तकाशी कडकडून भांडू शकेल असाही तोच. पण त्याच्यापर्यंत पोचते ती बातमी.

उलट दिशेचा प्रवासही झालाय. उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ २००३ मध्ये ग्रंथालीने काढलं. आयदान म्हणजे बांबूची सुपं, रोवळ्या, टोपल्या. लेखिकेची आई ती विणून घर चालवत असे. माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेलं, कोलकात्याच्या ‘स्त्री’ने छापलं आणि २००९ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटी प्रेसने अमेरिकेत काढलं. १९१३ मध्ये बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकायला गेले, त्याचंच हे प्रकाशन. पण हे पुस्तक आधी मराठीत वाचलं गेलं होतं, त्यावर इथे बोलणं झालं होतं. माहेरी नांदून मग ते सासरी गेलं.

थेट इंग्रजीत जन्मलेल्या पुस्तकांचं तसं होत नाही. त्यांच्या पुठ्ठा बांधणीच्या प्रती काही शेकड्यांच्या घरात असतात, परीक्षणाच्या प्रती जिथे खप तिथे जातात आणि मराठी पुरवण्यांपर्यंत फारच थोड्या येतात. आल्याच तर ‘साभार पोच’ या सदरात नाव, लेखक, प्रकाशक, किंमत अशी एक ओळ. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये निघालं, ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये. ग्रंथावर लिहायचं म्हणजे त्याच्याशी दोन हात करायचे, ही सवय तिथली. पोच देण्यावर भागवणं आपण नंतर शिकलो.

तोवर मलपृष्ठ तरी डोळे उघडे ठेवून वाचावं. स्तुती करणारा त्याच विषयातला आहे का? ती याच पुस्तकाची आहे, की लेखकाच्या आधीच्या? आणि वाक्यात मधेच तीन टिंबं असतील, तर तिथून काय गाळलं असेल?

ते ऐंशी रुपयांचं पुस्तक मी चर्चगेट लोकलमध्ये उभ्यानेच वाचायला घेतलं. एका प्रकरणात एक गाव येतं. लेखकाने ते कर्जतजवळचं म्हणून थेट रायगडात नेऊन ठेवलंय. समासात शिसपेन्सिलीने, बारीक मराठी अक्षरात कोणीतरी लिहिलंय : ‘आमचं गाव. कर्जत नगरचं, रायगडचं नव्हे.’ जाणकारांच्या, मंडळाच्या आणि त्या चार प्राध्यापकांच्या नजरेतून निसटलेली चूक पेन्सिलीने धरली होती.

पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी म्हणून मी प्रकाशनाला तसं कळवलं. पुस्तकावर मालकाचं नाव नव्हतं, म्हणून परीक्षकाच्या जागी लिहिलं : एक वाचक, कर्जत, जिल्हा नगर.