रानमुक्कामाचा कोयता

सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा कोकणातील एखाद्या आप्ताच्या बागायतीत चार दिवस मुक्काम ठोकावा, आपल्या हाताने जळण फोडून चूल पेटवावी, निवाऱ्यासाठी बांबू तासावेत, असा उत्साह अलीकडे शहरातील तरुणांत दिसू लागला आहे आणि ही निःसंशय आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या मुक्कामासाठी जड पाते खरेदी करण्याचा प्रसंग आला, की हीच मंडळी पाठीवर करवतीचे दाते कोरलेल्या काळ्याभोर परदेशी सुऱ्यांवर नाहक पैसे खर्च करतात, आणि ज्या हत्याराने कोकणातील कुणब्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे काम भागवले, त्या कोयत्याकडे त्यांचे लक्षही जात नाही. आपल्या मुलखातील लाकडासाठी चांगल्या लोहाराने घडवलेल्या कोयत्याइतके उपयुक्त जड पाते दुसरे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो पारखून घेतला पाहिजे.

सगळे कोयते सारखे नसतात. ऊसतोडणीचा कोयता पातळ व हलका असतो, कारण रसाळ कांडे एका फटक्यात तोडायचे आणि तेही दिवसभर तोडत राहायचे, हे त्याचे काम. तोच ऐनाच्या वाळलेल्या फांदीवर चालवला तर धार दुमडते. कोकणी शेतकरी कमरेच्या आकडीला अडकवतो तो कोयता निराळा. त्याचे पाते जाड असून टोक चोचीसारखे आत वळलेले असते, त्यामुळे फांदी निसटून न जाता पात्याच्या बाकात सापडते, आणि वजन पुढच्या अंगाला असल्याने घावाचा बराचसा जोर पातेच पुरवते. नेपाळच्या खुकरीचे सामर्थ्यही याच तत्त्वात आहे. मुक्कामाच्या कामाला पाठीशी 5 ते 6 मिलिमीटर जाडी पुरे. त्याहून जाड पाते लाकडात शिरण्याऐवजी मनगट शिणवते.

खरा प्रश्न पोलादाचा. आपले लोहार बहुधा मालमोटारीचा जुना कमानपाटा वापरतात आणि ती निवड अतिशय योग्य आहे, कारण त्या पोलादात कर्बाचे प्रमाण साधारण 0.6 टक्के असते, म्हणजे धार धरण्याइतका कठीणपणा आणि आघात सोसण्याइतका चिवटपणा, हे दोन्ही गुण त्यात एकत्र नांदतात. भट्टीत तापवून लाल झालेल्या पात्याला पाणी दिले की ते कठीण होते, पण त्याच वेळी ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून उतरवावे लागते. घासून उजळलेल्या पोलादावर सुमारे 220 अंशांना फिकट पिवळा आणि 300 अंशांच्या आसपास निळा रंग चढतो, आणि नेमक्या कोणत्या रंगाला थांबायचे हे ओळखणारी नजर हीच त्या कारागिराची विद्या होय. ग्राहकाने एक साधी परीक्षा करावी : धारेवरून कानस हलकेच ओढावी. ती लोण्यात शिरल्यागत खाऊ लागली तर पाते मऊ आहे. मुळीच न खाता घसरली तर ते फार कठीण राहिले आहे आणि गाठीवर बसताच त्याची कपची उडेल. नाखुशीने, थोडीशीच खाल्ली, तर तो कोयता घ्यावा.

मुठीची हयगय करू नये. पात्याचा मुठीत शिरणारा भाग शेवटपर्यंत आरपार गेलेला व टोकाशी वळवून पक्का केलेला असावा, मुठीच्या तोंडाशी लोखंडी साम घट्ट बसलेली असावी. अर्धवट ठोकलेले पाते सुटून उडाले, तर इजा बहुधा शेजारी बसलेल्या इसमालाच होते.

पावसाळ्यात या हत्याराचे मोल विशेष कळते. वरून चिंब भिजलेले मनगटाएवढे लाकूड उभे धरून, कोयत्याचा मुठीजवळचा सरळ भाग त्यावर टेकवावा आणि पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकावे. लाकूड उभे फाटते आणि आतला कोरडा गाभा हाती येतो. त्याच्या पातळ ढलप्या काढल्या की चूल पेटते. घाव घालताना मात्र गुडघे टेकून बसावे, म्हणजे चुकलेला घाव पायावर न येता जमिनीत जातो. काम आटोपल्यावर पाते पुसून त्याला खोबरेल लावावे, कारण हे पोलाद एका रात्रीत गंजते.

आता कायद्याची बाजू. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांची गणना शस्त्रांत केलेली असून शेतीच्या व घरगुती कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 याच्या व्याख्येत सुराही शस्त्रच ठरतो, आणि कलम 31 अन्वये पूर्व लेखी परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र नेण्याची मुभा कोणालाही नाही. राखीव जंगलात झाड तोडणे हाही गुन्हाच. तेव्हा कोयता चालवावा तो मालकीच्या जागेत, मालकाच्या संमतीने आणि वाळून पडलेल्या लाकडावर. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतो. तिकडे जाताना तो घरीच ठेवावा.