खरप्याचा पेला

शिरवळहून एका वाचकाने दोन छायाचित्रे पाठवली आहेत. एक अंदमानच्या सहलीत पाण्याखाली टिपलेले, वाळूवर टेकून बसलेल्या ठिपकेदार माशाचे. दुसरे वीर धरणाच्या फुगवट्यात, नीरेत मिळालेल्या खरपा माशाचे. अंदमानचा मासाही आपला खरपाच का, असे ते विचारतात.

शंका रास्त आहे, कारण खरपा खाडीतही राहतो. पण पहिला मासा पॅरापर्सिस, म्हणजे सँडपर्च. दोघेही तळाशी दबा धरणारे. त्यामुळे डोळे वर सरकलेले आणि अंग वाळूच्या रंगाचे.

म्हणून रंग सोडा आणि मासा उताणा करा. खरप्याच्या पोटाकडचे दोन पर जुळून छोटा पेला झालेला दिसेल. सँडपर्चचे हेच पर सुटे असतात; त्यांवर रेलून तो मान वर करून बसतो. आता पाठ पाहा. खरप्याला दोन वेगळे पर, सँडपर्चला एकच लांबलचक, सुरुवातीला बहुधा चार-पाच आखूड काटे असलेला. सँडपर्चच्या कुशीवरून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा जाते. खरप्याला ती नाही.

रंगाने भल्याभल्यांना चकवले आहे. पॅरापर्सिस हेक्सोफ्थाल्माच्या मादीच्या गालावर ठिपके, नराच्या गालावर तिरप्या रेघा, आणि मादीच पुढे नर होते! १८२९ मध्ये या एकाच जातीला दोन नावे मिळाली होती.

खरप्याचेही बारसे दोनदा झाले. हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याला ‘गियुरिस’ म्हटले. मग मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करणाऱ्या साइक्सने १८३८ मध्ये इथले मासे लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडले, त्यात हा ‘गोबियस कुर्पा’ होता. पुढच्या अभ्यासकांना नदीवर मासा मागता यावा म्हणून तो स्थानिक नावेच ठेवत असे. मला ही पद्धत फार आवडते. आधीचे नाव टिकते या नियमाने ‘कुर्पा’ मागे पडले. एका महसीर माशाला त्याने दिलेले ‘खुद्री’ हे नाव मात्र आजही शास्त्रीय नावात आहे. साइक्सला ही नावे सांगणाऱ्या मासेमारांना श्रेय द्यायलाच हवे. मासे वेगळे ओळखण्याचे निम्मे काम त्यांनी आधीच केले होते.

शिरवळच्या वाचकांना विनंती : पुढच्या खेपेला खरप्याचे उताणे छायाचित्र पाठवा. जमल्यास तोंड उघडूनही. जिभेच्या टोकाला खाच दिसेल. खरप्याच्या ग्लॉसोगोबियस या आजच्या शास्त्रीय नावातली ‘ग्लॉसा’ म्हणजे तीच जीभ.